कोकोपीटमधल्या खरबुजाला पानांवरून खत देताना: आधी निचरा मोजा, मग पंप उचला

"शेंडे पिवळे पडलेत, काय मारू?"

पॉलिहाउसमध्ये खरबूज लावणाऱ्यांचे दहा फोन आले, तर त्यातले सात याच वाक्याने सुरू होतात. मी विचारतो, "निचऱ्याचा ईसी किती आहे?" पलीकडे शांतता. कारण पिशवीतून झिरपलेल्या पाण्यात क्षार किती हे सांगणारा हा आकडा मोजलेलाच नसतो. तोवर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) पाच ग्रॅम, कसलंतरी टॉनिक, वर स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं रसायन) असं सगळं एका टाकीत घालून भर दुपारी मारून झालेलं असतं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपतात आणि पुन्हा फोन येतो, "आता काय मारू?"

हा लेख त्या दोन फोनांच्या मधल्या चुकांबद्दल आहे. उदाहरण दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसचं घेतो: साधारण २,२०० रोपं, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्या, ड्रिपमधून खत, वेल दोरीवर उभा, एका वेलाला एक किंवा दोन फळं. तुमची संख्या वेगळी असेल तर गुणाकार बदला, क्रम बदलू नका.

आधी एक हिशेब

फळ भरण्याच्या काळात रोपाला दिवसाला दोन लिटर पाणी धरलं तर २,२०० रोपांना ४,४०० लिटर जातं. त्यात नत्र १५० पीपीएम (लिटरला १५० मिलिग्रॅम) असेल तर एका दिवसात ड्रिपमधून ६६० ग्रॅम नत्र गेलं. आता फवारणी बघा. ८० लिटर पाणी, लिटरला ५ ग्रॅम १९:१९:१९, म्हणजे ४०० ग्रॅम खत आणि त्यात ७६ ग्रॅम नत्र. त्यातलंही काही जमिनीवर सांडतं, काही पानावर वाळून जातं. ड्रिप थोडा वेळ जास्त चालू ठेवली असती तरी याहून जास्त नत्र मिळालं असतं.

हाच हिशेब जस्ताचा करा. ड्रिपमधून ०.३ पीपीएम जस्त म्हणजे दिवसाला सुमारे १.३ ग्रॅम. फवारणीत १२ टक्क्यांचं चिलेटेड (विरघळलेलं राहील अशा रूपात बांधलेलं) झिंक लिटरला अर्धा ग्रॅम घेतलं तर ८० लिटरमध्ये ४.८ ग्रॅम जस्त झालं, म्हणजे साडेतीन दिवसांची शिदोरी एका फेरीत. लोह, मँगनीज आणि बोरॉनचंही असंच.

मॅग्नेशियम मधल्या पायरीवर आहे. लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घेतलं तर ८० लिटरमध्ये जेमतेम ३८ ग्रॅम मॅग्नेशियम जातं, आणि ड्रिपमधून ४० पीपीएमने रोज १७५ ग्रॅम जात असतं. तरी फवारणी उपयोगी पडते, कारण ते थेट उपाशी पानावर पडतं. मात्र ड्रिपच्या खताच्या टाकीतली मात्रा न वाढवता नुसती फवारणी करत राहिलात तर पुढच्या आठवड्यात तीच पानं पुन्हा पिवळी दिसतील.

थोडक्यात, नत्र, स्फुरद, पालाश मुळांतून द्या. पानांवरून द्यायची ती सूक्ष्म अन्नद्रव्यं, गरजेपुरतं मॅग्नेशियम, आणि ठरावीक वेळी, ठरावीक जागी कॅल्शियम.

पायरी १: निचरा मोजा

दोन-तीन ठिकाणी पिशवीखाली ट्रे ठेवा. एक दाराजवळ, एक मध्यभागी, एक ड्रिपच्या शेवटच्या टोकाला. दुपारी बारा-एकच्या सुमारास जमलेलं पाणी घ्या आणि ड्रिपरमधून पडणारं पाणी वेगळ्या भांड्यात धरा. दोन्हीचा ईसी आणि सामू मोजून लिहून ठेवा.

निचऱ्याचा सामू ६.८ च्या वर असेल आणि शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या असतील, तर टाकीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाहीये. टाकीचा सामू ५.५ ते ५.८ वर आणा. लोहाची फवारणी करायची तर हे केल्यानंतर, आठवडाभराची उसनवारी म्हणून.

निचऱ्याचा ईसी ड्रिपच्या ईसीपेक्षा एक-दीड mS/cm ने जास्त असेल तर पिशवीत क्षार साठलेत. रोपाला पाणीच ओढता येत नाही, मग खत कुठून ओढणार? अशा वेळी पानांवर आणखी मीठ मारणं म्हणजे तहानलेल्याला फरसाण देणं. आधी पाण्याच्या पाळ्या वाढवून २५ ते ३० टक्के निचरा होऊ द्या आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा.

निचऱ्याचा ईसी ड्रिपपेक्षा कमी असेल तर रोप खरंच भुकेलं आहे. टाकीतलं खत वाढवा.

निचरा होतच नसेल तर ड्रिपर तुंबलेत किंवा पाळ्या कमी पडताहेत. आणि निचरा पूर्ण दिवसभर चालू असेल, पिशवी दाबली की चिखलासारखी लागत असेल, तर मुळांना हवा नाही. दोन्ही ठिकाणी वरून दिसणारी लक्षणं जवळपास सारखीच असतात, म्हणून तर मोजायचं.

कोकोपीटचा स्वभावही लक्षात घ्या. नवं, न धुतलेलं कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅश, सोडियम सोडतं. लागवडीआधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून धुतलेलं नसेल, तर पहिले तीन आठवडे कॅल्शियमची ओढाताण ठरलेली. ती फवारणीने भरून निघत नाही.

> तपासा: ड्रिप आणि निचऱ्याचे आकडे वहीत लिहिलेत का? नसतील तर पुढची पायरी वाचू नका. खरंच.

पायरी २: पान उलटून बघा

लक्षण वेलावर कुठे आहे, हा पहिला प्रश्न. रोप काही अन्नद्रव्यं जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकतं, काही नाही. त्यामुळे:

- खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी, शिरा हिरव्या: मॅग्नेशियम. फळ लिंबाएवढं झालं की हे बहुधा सुरू होतं, कारण फळ ओढत असतं.
- जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळणं: पालाश कमी, किंवा क्षार जास्त. निचऱ्याचा ईसी सांगेल कोणतं.
- शेंड्याची पानं फिकट पिवळी, शिरांची बारीक हिरवी जाळी: लोह.
- शेंड्याची कोवळी पानं वाटीसारखी वाकडी, कडा करपलेल्या: कॅल्शियम पोचत नाही.
- शेंडा ठिसूळ, आखूड, फुलं लागून गळणं: बोरॉनची शंका घ्या. नुसती शंका, कारण परागीभवन नीट झालं नाही तरी फुलं गळतातच.

आता पान उलटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. लाल कोळीने रस शोषलेलं पान लांबून मॅग्नेशियमच्या कमतरतेसारखंच दिसतं. केवड्याचे ठिपकेही पिवळे असतात; काकडीवर ते शिरांनी आखलेले, कोनदार असतात, खरबुजावर तेवढे रेखीव नसतात. सकाळी ओल असताना खालच्या बाजूला करडी-जांभळट बुरशी दिसते. पांढरी माशी आणि माव्याने आणलेल्या विषाणूंचा पिवळेपणा कुठल्याच खताने जात नाही. असे वेल कधी एकटेदुकटे, कधी पुंजक्याने दिसतात. खताची कमतरता मात्र सहसा ओळीच्या ओळीत किंवा पूर्ण शेडमध्ये एकसारखी पसरते.

शंका राहिली तर ब्रशची चाचणी करा. हिला खर्च काही नाही, तरी फार कमी लोक करतात. लिटरला १ ग्रॅम चिलेटेड लोह (किंवा ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून रंगाच्या छोट्या ब्रशने पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर लावा आणि अर्धा तसाच सोडा. पाच-सहा पानांवर करा, देठाला रंगीत दोरा बांधा. चार ते सहा दिवसांत लावलेला अर्धा भाग हिरवा झाला तर निदान बरोबर. नाही झाला, तर ८० लिटर मारूनही झालं नसतं.

पायरी ३: वेळापत्रकात बसवा

दर आठवड्याला काहीतरी मारायचंच, ही सवय द्राक्षबागेतून पॉलिहाउसमध्ये आलेली आहे. खरबूज लागवडीपासून काढणीपर्यंत साधारण ६५ ते ८५ दिवसांचं. त्यात फवारणीला योग्य अशा जागा चार-पाचच आहेत.

*लागवडीनंतर पहिले दहा-बारा दिवस* काहीही नाही. रोपाला चार पानं, त्यात नवी मुळं फुटायची आहेत. इथे मारलेलं खत पानांपेक्षा पिशवीवर जास्त पडतं.

*१५ ते २५ दिवस*, वेल दोरीवर चढतोय. लक्षण असेल किंवा नवं कोकोपीट असेल तर चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण लिटरला अर्धा ग्रॅम, एकदा. बाजारात ग्रेड १ जमिनीतून द्यायचा आणि ग्रेड २ फवारणीचा असतो, पाकीट वाचून घ्या.

*मादी फुलं उमलायच्या चार-पाच दिवस आधी* २० टक्क्यांचं बोरॉन, लिटरला पाव ग्रॅम, एकदाच. बोरॉन कमी आणि जास्त यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. उघड्या शेतातल्या शिफारशी लिटरला एक ग्रॅमच्या असतात, आणि ती मात्रा पॉलिहाउसमधल्या कोवळ्या पानांवर मारून कडा पांढऱ्या झालेल्या मी स्वतःच्या शेडमध्ये पाहिल्या आहेत. टाकीच्या खतात बोरॉन असेल तर ही फवारणीसुद्धा वगळा.

*फुलोरा आणि परागीभवनाचे सात-आठ दिवस* बंद. खरबुजाचं फूल एकच दिवस उमलतं आणि कामाचे तास सकाळचेच. हाताने परागीभवन करत असाल किंवा मधमाशीची पेटी ठेवली असेल, दोन्हीकडे ओला पराग निरुपयोगी. "फुलं गळू नयेत म्हणून" याच आठवड्यात फवारणारे फुलं गाळायची व्यवस्था स्वतःच करतात. काही मारणं अगदीच टळत नसेल तर दुपारी चार ते साडेपाचमध्ये, फुलं मिटल्यावर, सगळ्या बाजू उघड्या ठेवून.

*फळ लिंबापासून अंड्याएवढं असताना* कॅल्शियम. यावर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात.

कॅल्शियम पानातून फळात जात नाही. ते मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून पाणी उडतं तिथे जाऊन बसतं. मोठी पानं पाणी उडवतात म्हणून त्यांना भरपूर मिळतं, फळ आणि मिटलेला शेंडा फारसं उडवत नाहीत म्हणून त्यांना कमी. एकदा पानात बसलेलं कॅल्शियम परत निघत नाही. म्हणून पानांवर कॅल्शियम मारून फळ घट्ट होईल ही आशा सोडा. मारायचं तर फळावर आणि शेंड्यावर, तेही फळाची साल कोवळी आणि लवदार असताना. कॅल्शियम नायट्रेट लिटरला ३ ग्रॅम, सहा-सात दिवसांच्या अंतराने दोनदा. साल गुळगुळीत, मेणचट झाली की आत काही जात नाही.

आणि हे करतानाही टाकीकडे बघा. अमोनियम असलेली खतं आणि जास्त पोटॅश कॅल्शियमच्या वाटेत आडवे येतात. रात्री शेड बंद करून आत दमट कोंडलं तर पाणी उडत नाही आणि शेंड्याच्या कडा करपतात. यातल्या अर्ध्या तक्रारी पहाटे बाजूचे पडदे वेळेवर उघडल्याने मिटतात.

*जाळी पडताना* फळ ओलं करू नका. जाळीच्या वाणात परागीभवनानंतर साधारण दोन आठवड्यांनी सालीला बारीक चिरा पडू लागतात आणि त्या भरून जाळी बनते. या चिरांत खताचं पाणी साठलं तर डाग राहतात, बुरशी शिरते. पानांवर मारणं भागच असेल तर नोझल फळाच्या वरच्या पानांपुरती ठेवा.

*फळ भरताना* लक्षण दिसलं तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, मधल्या आणि खालच्या पानांवर, आठ-दहा दिवसांनी दोन वेळा. त्याच दिवशी टाकीतलं मॅग्नेशियमही वाढवा.

*शेवटचे दहा-बारा दिवस* पंप धुऊन ठेवा. "गोडीसाठी ००:००:५०" (५० टक्के पालाशचं खत) ही फवारणी मला नेहमी गमतीची वाटते. ८० लिटरला ४०० ग्रॅम, म्हणजे शुद्ध पोटॅशियम सुमारे १६५ ग्रॅम; ड्रिपमधून २५० पीपीएमने रोज अकराशे ग्रॅम जातंय. गोडी येते हिरव्या, निरोगी पानांवर पडलेल्या उन्हातून. शेवटच्या आठवड्यात करपवलेलं एक पान त्या फवारणीने भरून निघत नाही.

> सावधान: बाजारातला साधा युरिया पानांवर मारू नका. त्यात बाययुरेटचं (युरिया बनताना येणाऱ्या, पानं करपवणाऱ्या घटकाचं) प्रमाण दीड टक्क्यापर्यंत चालतं, वर निमकोटिंग. उघड्यावरच्या भातावर खपून जातं, पॉलिहाउसमधल्या खरबुजावर नाही.

पायरी ४: पाणी आणि पंप

बोअरचं जड पाणी थेट वापरू नका. त्यातले बायकार्बोनेट सामू वर ढकलतात, पानांवर पांढरी भुकटी सोडतात, आणि त्या पाण्यातलं कॅल्शियम स्फुरदाबरोबर साका धरतं. फवारणीला लागतंच किती, ८० लिटर. तेवढं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. नाहीच मिळालं तर सायट्रिक ॲसिड चिमटीचिमटीने घालत सामू ५.५ ते ६.५ वर आणा.

पंप फक्त याच कामाचा ठेवा. ज्या पंपाने कधीही तणनाशक मारलं आहे तो शेडच्या दारातसुद्धा आणू नका. काकडीवर्गीय पिकांना २,४-डी चा इतका थोडा अंश लागतो की तीनदा धुतलेल्या पंपानेही शेंडे वळतात, आणि मग महिनाभर आपण विषाणू शोधत बसतो.

नोझल हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारी), दाब तीन-चार बार. एचटीपीची (मोठ्या दाबाच्या पंपाची) गन पूर्ण दाबाने उघडली की पानं फाटतात, फळांना ओरखडे पडतात, आणि द्रावण पानावरून उडून शेडच्या प्लॅस्टिकच्या कागदावर जातं.

आता साध्या पाण्याने माप घ्या. पंपात पाच लिटर साधं पाणी भरा, एक ओळ नेहमीच्या चालीने फवारा, उरलेलं मोजा. पूर्ण वाढलेल्या वेलाला ३५ ते ४० मिलि पुरे होतं, लहान रोपाला त्याच्या निम्मं किंवा कमी. पानाच्या टोकातून थेंब टपकायला लागले म्हणजे जास्त झालं. टपकणारा थेंब पानाच्या कडेला मीठ गोळा करतो आणि कड तिथेच करपते.

पायरी ५: द्रावण, याच क्रमाने

१. टाकीत तीन चतुर्थांश पाणी भरा.

२. सामू बघा, गरज असेल तर उतरवा.

३. मुख्य क्षार (मॅग्नेशियम सल्फेट असेल तर ते) बादलीत वेगळा विरघळवून, फडक्यातून गाळून टाका आणि ढवळा.

४. चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं दुसऱ्या भांड्यात विरघळवून टाका. फवारणीला ईडीटीए चिलेटचं लोह घ्या. लालभडक ईडीडीएचए मुळांसाठी आहे. उजेडात ते टिकत नाही आणि पानं-फळं रंगवतं.

५. बोरॉन असेल तर आता. विरघळलेलं बोरॉन सामू वर नेतं, म्हणून पुन्हा मोजा. ही मोजणी जवळपास सगळे विसरतात.

६. उरलेलं पाणी.

७. स्टिकर सर्वांत शेवटी, आयन नसलेला, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मा. सिलिकॉनचे स्प्रेडर पानात मीठ इतक्या वेगाने घुसवतात की जी मात्रा काल चालली ती आज करपवते.

कॅल्शियम नायट्रेट असेल तर ते एकटंच. सल्फेटबरोबर जिप्सम तयार होतं, स्फुरदाबरोबर कॅल्शियम फॉस्फेट, आणि दोन्ही नोझलमध्ये जाऊन बसतात. एका उन्हाळ्यात घाईघाईत मी कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत ओतलं. पाणी दह्याच्या निवळीसारखं झालं. तरी "गाळून घेऊ" म्हणत पंपात भरलं, आणि पुढचा अर्धा दिवस सुईने नोझल कोरण्यात गेला.

कीडनाशक-बुरशीनाशकांबरोबर खत मिसळायचा मोह होतोच, मजुरी वाचते ना. गंधकाबरोबर तर अजिबात नको. खरबुजाचे काही वाण गंधकाला तसेही नाजूक, आणि शेडमध्ये पारा ३० च्या वर गेला की गंधक एकटंच पुरेसं करपवतं. तांब्याच्या बुरशीनाशकांनाही वेगळं ठेवा. दोन फवारण्यांत तीन-चार दिवस जाऊ द्या.

> तपासा: मोठी टाकी करण्याआधी एक लिटरच्या काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात मिश्रण करून अर्धा तास ठेवा. गढूळ झालं, तळाशी साका बसला किंवा बरणी गरम लागली तर ते मिश्रण रद्द.

पायरी ६: दहा वेलांवर चाचणी

मधल्या ओळीतले दहा वेल निवडा, पाच उन्हाच्या बाजूचे. त्यांच्यावर पूर्ण मात्रेने फवारा आणि ४८ ते ७२ तास थांबा. कडा, कोवळा शेंडा, फळाची साल बघा.

पॉलिहाउसमधलं पान उघड्यावरच्या पानापेक्षा पातळ आणि मऊ असतं. त्याला वारा आणि ऊन कमी लागलेलं असतं. म्हणून पुस्तकातली एक टक्क्याची मात्रा इथे चालत नाही. क्षारांची पहिली फवारणी लिटरला २ ते ३ ग्रॅमने करा आणि ५ च्या वर जाऊ नका. ढगाळ आठवड्यानंतर कडक ऊन पडलं की पान आणखी हळवं झालेलं असतं. तेव्हा चाचणी कालची असली तरी पुन्हा करा.

पायरी ७: फवारणीची सकाळ

पहाटे खरबुजाच्या पानांच्या कडेला दवासारखे थेंब दिसतात. ते दव नाही, मुळांनी रात्री ढकललेलं पाणी आहे. ते वाळेपर्यंत थांबा, नाहीतर फवारा त्यात मिसळून थेट कडेला जमा होतो.

ड्रिपची पहिली पाळी आधी देऊन घ्या. पान ताठ हवं. कोमेजलेल्या वेलावर फवारणी म्हणजे करपा विकत घेणं.

शेडचं तापमान २८ च्या खाली आणि आर्द्रता ६० ते ८० टक्के असावी. मार्चनंतर आपल्याकडे पॉलिहाउसमध्ये ही खिडकी सकाळी सात ते साडेआठची, जेमतेम. दोन माणसं लावून ८० लिटर त्यात बसत असेल तर ठीक; नसेल तर अर्धी शेड आज, अर्धी उद्या. साडेनऊला "आता थोडंच राहिलंय" म्हणू नका.

पान जितका वेळ ओलसर तितका वेळच खत आत जातं. थेंब वाळला की मीठ पानावर नुसतं बसून राहतं. मॅग्नेशियम सल्फेट लवकर वाळून पांढरं पडतं, मॅग्नेशियम नायट्रेट हवेतला ओलावा धरून जास्त वेळ ओलं राहतं. कोरड्या हवेत म्हणून नायट्रेटचा परिणाम जास्त दिसतो, आणि करपण्याचा धोकाही. फवारणीनंतर पंखे तासभर बंद आणि मग चालू, म्हणजे दोन-तीन तासांत पान वाळेल.

संध्याकाळी मारलं तर जास्त वेळ ओलं राहील हे खरं, पण रात्रभर ओलं पान म्हणजे केवडा आणि डिंक्याला आवतण. उघड्या शेतातला संध्याकाळचा सल्ला बंद शेडमध्ये उचलून आणू नका.

चालताना नोझल पानापासून ४० ते ५० सेंटीमीटर ठेवा, खालून वर, पानाच्या मागच्या बाजूने आधी. मागे-मागे सरकत या, म्हणजे ओल्या पानांना अंग लागत नाही. हातमोजे, चष्मा, मास्क घाला. खत आहे, विष नाही, हे मान्य. पण बंद जागेत त्याचे बारीक थेंब श्वासात जातातच.

> सावधान: खालच्या पानांवर पांढरट डाग, ओळीच्या शेवटी जास्त करपणं, असं दिसलं तर मात्रेआधी चालणाऱ्याचा वेग तपासा. ओळ संपताना माणूस वळायला थांबतो आणि पंप चालूच राहतो. शेवटचे चार वेल दुप्पट खातात.

पायरी ८: नंतर काय बघायचं

दुसऱ्या दिवशी फक्त करपा बघा. कडा पाणी लागल्यासारख्या गडद दिसल्या तर त्याच सकाळी साध्या पाण्याने हलकं धुऊन घ्या. तिसऱ्या दिवशी धुऊन उपयोग नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी लोहाच्या पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके दिसले तर खूश व्हा. जिथे थेंब पडला तिथेच हिरवं झालंय, म्हणजे निदान बरोबर. पूर्ण पान एकसारखं हिरवं झालेलं बघायचं असेल तर ते नव्या पानांत दिसेल, आणि तेही मुळांकडचा सामू सुधारला असेल तरच. वाळलेली तपकिरी कड कधीच हिरवी होत नाही; तिच्याकडे बघून दुसरी फवारणी करू नका.

सातव्या दिवशी निचरा पुन्हा मोजा आणि वहीतल्या पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. सामू, ईसी जागेवर आले असतील तर दुसरी फवारणी बहुधा लागत नाही. आले नसतील तर दुसरी फवारणीही पहिलीसारखीच आठ दिवसांत विरून जाईल, तेव्हा टाकीकडे परत जा.

पंप त्याच दिवशी तीन पाण्यांनी धुवा, तिसरं पाणी नोझलमधून काढा. दर वेळी पाच वेलांची एक तुकडी मुद्दाम कोरी सोडा, दोरीला लाल चिंधी बांधून. फवारलेल्या वेलांत आणि चिंधीवाल्या पाचांत दहा दिवसांनी फरकच दिसला नाही, तर पुढच्या लागवडीत ती फवारणी वेळापत्रकातून काढून टाका.